दप्तरापासून पोर्टलपर्यंत : गावाचा हिशेब नेमका कुणाला द्यायचा?

मागच्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका गावी आम्ही विहारात बसलो होतो. बैठक शिष्यवृत्तीच्या अर्जांची होती. अर्ज भरून झाल्यावर एका पोराने मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडले आणि आपल्या ग्रामपंचायतीचा खर्च मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हातपंप दुरुस्ती, शाळेचे शौचालय, एलईडी दिवे, आणि मग एक ओळ आली : बौद्ध वस्तीत बंदिस्त गटार, काम पूर्ण, रक्कम अदा. दारात बसलेली एक आजी म्हणाली, "मंग ती गटार गेली कुठं?" सगळे हसले. आम्ही ज्या वाटेने विहारात आलो होतो, त्या वाटेवर सांडपाणी उघड्यावरच वाहत होते.

सरपंच तिथेच बसल्या होत्या. त्या आपल्याच समाजाच्या, राखीव जागेवर निवडून आलेल्या. पैसे त्यांच्या डिजिटल सहीशिवाय निघत नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "दादा, ते डोंगल माझ्याकडं कधी आलंच नाही. ते हापिसात असतं."

तेव्हापासून आमच्या डोक्यात एक प्रश्न घोळतो आहे. गावाचा हिशेब आज सगळ्या जगासमोर खुला आहे. न्यूयॉर्कमध्ये बसलेला माणूसही तो पाहू शकतो. मग ज्या वस्तीच्या नावाने पैसा निघाला, त्या वस्तीलाच तो शेवटी का कळतो? याचे उत्तर संगणकात सापडणार नाही, त्यासाठी इतिहासात जावे लागेल. गावाचा हिशेब कुणी लिहायचा, कुणी वाचायचा आणि कुणाला द्यायचा, या तीन प्रश्नांचा हा इतिहास आहे.

दप्तर कुणाच्या काखेत?

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना आम्ही 'स्वयंपूर्ण ग्रामसमुदाय' पाठ केला होता. मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले आणि पुढे राष्ट्रवाद्यांनी ते डोक्यावर घेतले. या प्रजासत्ताकाचा जमाखर्च कोण लिहीत होते, हे मात्र पुस्तकात कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात तो कुळकर्णी लिहीत होता, मोडी लिपीत, आणि ते दप्तर वतनाने बापाकडून मुलाकडे जात होते. पाटील सही करी, कुळकर्णी लिही, रयत भरी. महार वेसकर गावचा सारा कचेरीत पोचवत असे. पैशाची थैली त्याच्या खांद्यावर असे, पण थैलीत किती आहे हे लिहिलेला कागद वाचण्याचा अधिकार त्याला नव्हता.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कुळकर्ण्याच्या लेखणीवर जे कोरडे ओढले, ते याच कारणासाठी. ज्याच्या हातात हिशेब, त्याच्या हातात गाव, हे त्यांनी ओळखले होते. ही ओळख राजर्षी शाहू महाराजांनी कृतीत आणली. १९१८ मध्ये त्यांनी करवीर संस्थानातली कुळकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले आणि अस्पृश्य समाजातल्या तरुणांनाही तलाठी केले. शाहूंच्या आरक्षणाबद्दल आपण खूप बोलतो. पण महाराच्या हाती गावचे दप्तर देणे ही त्याइतकीच मोठी क्रांती होती, हे आपण विसरतो.

पैसा सार्वजनिक, तर हक्क सार्वजनिक

स्थानिक स्वराज्याची सरकारी सुरुवात सांगताना लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाचे नाव घेतले जाते. त्याच्याही आधी, १८७६ पासून, फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला, तेव्हा ३२ सदस्यांपैकी विरोधात मत देणारे ते एकटे होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. आज आपण ज्याला अंदाजपत्रकावरची चर्चा म्हणतो, ती बहुजनांच्या बाजूने पहिल्यांदा केली ती जोतीरावांनी, आणि तीही एकट्याने.

पुढचा टप्पा महाडचा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. त्या ठरावाची भाषा नीट पाहिली पाहिजे. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असे तो सांगतो. म्हणजे त्याचा आधार दया किंवा हृदयपरिवर्तन हा नव्हता. त्याचा आधार खर्चाचा होता : ज्यावर सगळ्यांचा पैसा खर्च होतो, ते सगळ्यांचे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तो ठराव पाणी पिऊन अमलात आणला. तेव्हा त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. त्यानंतर सवर्ण मंडळी कोर्टात गेली आणि तळे खासगी मालकीचे असल्याचाही दावा केला. दहा वर्षे खटला चालला. तळे नगरपालिकेचे आहे हे कोर्टात ठरले आणि अनादी काळापासूनच्या रूढीचा दावा सिद्ध झाला नाही. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला.

म्हणून हिशेब हा विषय चळवळीच्या बाहेरचा आहे, असे कुणी म्हणू नये. वस्तू सार्वजनिक आहे की खासगी, हे ठरवताना त्यावर कुणाचा पैसा लागला हे पाहावेच लागते.

बाबासाहेबांचा विसरलेला विषय

बाबासाहेबांचा कोलंबिया विद्यापीठाचा प्रबंध १९२५ मध्ये लंडनहून पुस्तकरूपाने आला. त्याचा विषय ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हा होता. त्याला त्यांचे गुरू सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. आपल्या घरात या पुस्तकाचे नाव असते, पण वाचन नसते. वाचणाऱ्याला मात्र ते आजच्या ग्रामपंचायतीवर लिहिल्यासारखे वाटेल.

१८३३ च्या सनदी कायद्याने सगळी तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हाती गेली. खर्च प्रांत करणार आणि पैसा उभा करण्याची जबाबदारी मध्यवर्ती सरकारची, अशी स्थिती झाली. परिणाम काय झाला? प्रांतांना काटकसर करण्याचे कारण उरले नाही. जो जास्त ओरडेल त्याला जास्त पैसा मिळू लागला. आणि कलकत्त्यात बसलेल्या सरकारला खर्च खरोखर गरजेचा आहे की नाही, हे समजण्याचा मार्ग नव्हता. १८७० मध्ये लॉर्ड मेयोने यावर उपाय काढला आणि १८७१ पासून प्रांतांना ठरावीक खात्यांसाठी ठरावीक रक्कम मिळू लागली. १८७७ पासून काही उत्पन्नाची साधने प्रांतांकडे दिली गेली आणि १८८२ पासून उत्पन्नाची वाटणी सुरू झाली. बाबासाहेबांनी हे तीन टप्पे वेगळे करून दाखवले.

पण ते तिथे थांबले नाहीत. पैसे दिल्लीहून मुंबईला आले म्हणून लोकांचे राज्य आले असे होत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा खरा रोख आहे. सरकार वरच्या सरकारला जबाबदार आहे की खालच्या लोकांना, हा त्यांचा प्रश्न होता. वरच्याला हिशेब देणारे सरकार काटकसरी होईल, नियमाने चालेल, पण न्यायी होईलच असे नाही. कारण वरच्याला रस्त्याचा आकडा दिसतो, रस्ता कुठल्या आळीत गेला ते दिसत नाही.

१९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी हाच मुद्दा गावापाशी आणला. प्रौढ मताधिकार नाही, अस्पृश्यांना राखीव जागा नाहीत, अशा पंचायतीच्या हाती सत्ता देणे म्हणजे आपल्या माणसांना गावातल्या प्रस्थापितांच्या ताब्यात देणे आहे, हे त्यांनी सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याचे कौतुक करणाऱ्यांना जे सुनावले ते सर्वांना पाठ आहे. मात्र पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याच महिन्यात, २२ नोव्हेंबरला, ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती आली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तेच आजचे कलम ४०. आणि ३० मे १९४९ रोजी महालेखापरीक्षकाच्या पदावर बोलताना, घटनेतला हा कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी मांडले. पंचायतीला त्यांचा विरोध केवळ पंचायत म्हणून नव्हता. ज्या पंचायतीला कुणी हिशेब विचारू शकत नाही, तिला त्यांचा विरोध होता.

कायदा आला, वही आली

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा आणि जिल्हा परिषदेचा १९६१ चा. स्थानिक निधीचे लेखापरीक्षण करणारा कायदा त्याहून जुना, १९३० चा. म्हणजे तपासणी नव्हती असे नाही. लेखापरीक्षक येत, आक्षेप काढत, आक्षेपांची पूर्तता वर्षानुवर्षे पडून राही. पण हा सगळा व्यवहार कार्यालय ते कार्यालय चाले. गावाला त्याचा पत्ता नसे.

२४ एप्रिल १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना राखीव जागा मिळाल्या. बाबासाहेबांनी १९३२ मध्ये मागितलेली अट साठ वर्षांनी पूर्ण झाली. पण याच दुरुस्तीतले २४३-जे हे कलम बघा. पंचायतींचे हिशेब आणि लेखापरीक्षण यांबाबत राज्य विधिमंडळ कायदा करू शकेल, एवढेच ते सांगते. केलाच पाहिजे, असे सांगत नाही. खुर्ची राखीव झाली, पण खुर्चीसमोरच्या वहीचा प्रश्न राज्यांच्या मर्जीवर राहिला.

मग पैसा वाढू लागला. अकराव्या वित्त आयोगाने पंचायतींना पाच वर्षांसाठी ८ हजार कोटी रुपये दिले, बाराव्याने २० हजार कोटी. चौदाव्याने एकट्या ग्रामपंचायतींना २ लाख २९२ कोटी आणि पंधराव्याने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटींची शिफारस केली. एवढा पैसा जाणार तर हिशेब हवाच. अकराव्या आयोगाने पंचायतींच्या हिशेबांवर महालेखापरीक्षकांची देखरेख सुचवली. २००९ मध्ये नमुना लेखापद्धती आली, पाठोपाठ प्रियासॉफ्ट नावाची संगणक प्रणाली आली. २४ एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज सुरू झाले, आणि लेखापरीक्षणासाठी ऑडिट ऑनलाइन आले.

पंधराव्या आयोगाने त्यावर कडी केली. मागच्या वर्षाचा तात्पुरता हिशेब आणि त्याच्या आदल्या वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब लोकांना पाहता येईल असा ऑनलाइन टाकला, तरच अनुदान मिळेल. पहिली दोन वर्षे राज्यातल्या २५ टक्के संस्थांनी ही अट पाळली तरी चालणार होते. २०२३-२४ पासून जी संस्था अट पाळेल तिलाच पैसा, असा नियम झाला. याच अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले आहेत, ४० टक्के गावाच्या मर्जीने खर्चायचे. ठरावीक खात्यासाठी ठरावीक रक्कम! मेयोची आठवण यावी असाच हा प्रकार आहे.

पोर्टलने काय दिले, काय नाही

आम्ही या अटीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. जे दप्तर पाहायला आपल्या आज्याला कुळकर्ण्याच्या ओसरीखाली उभे राहावे लागत होते, ते आज आपल्या पोराच्या खिशात आहे. कुणाची परवानगी लागत नाही, कुणाच्या पाया पडावे लागत नाही, जात सांगावी लागत नाही. ही लहान गोष्ट नाही. पोर्टलला नावे ठेवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात घ्यावे.

पण या हिशेबाचे तोंड कुणाकडे आहे? अट दिल्लीने घातली, तपासणी दिल्लीसाठी, आणि अट मोडली तर शिक्षा म्हणजे पैसा बंद. पैसा बंद झाला तर त्रास कुणाला? ज्याच्या घरी बोअर आहे त्याला नाही, सार्वजनिक नळावर उभ्या असलेल्या बाईला. म्हणजे वहीत चूक लिहिणारा मोकळा आणि शिक्षा वस्तीला, अशी ही रचना आहे.

दुसरी गोष्ट. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. २०११ च्या लेखा संहितेत ग्रामपंचायतीला ३३ नमुने दिले आहेत. नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ८ म्हणजे कर आकारणी, हे बऱ्याच जणांना माहीत असते, कारण घराचा उतारा लागतो. पण मागासवर्गीय आणि महिलांवरच्या खर्चाचे विवरण नमुना २८ मध्ये असते, हे आम्ही ज्या ज्या वस्तीत विचारले तिथे क्वचितच कुणाला माहीत होते. दिल्लीची अट वित्त आयोगाच्या पैशाभोवती फिरते. घरपट्टी-पाणीपट्टीतून आलेल्या पैशातला आपला १५ टक्के वाटा अजून नमुना २८ च्या कागदावर, कार्यालयाच्या कपाटातच आहे.

तिसरी गोष्ट डोंगलची. कागदावर व्यवस्था चोख आहे. ग्रामसेवकाने देयक तयार करायचे, सरपंचाने डिजिटल सहीने मंजूर करायचे, मग पैसा थेट पुरवठादाराच्या खात्यात. दोन सह्या, दोन माणसे. पण दोन्ही डोंगल एकाच टेबलाच्या खणात आणि दोन्ही पासवर्ड एकाच चिठ्ठीवर असतील तर? पूर्वी कोऱ्या चेकवर अंगठा घेत, आता डोंगल ठेवून घेतात. शाहू महाराजांनी दप्तर आपल्या हातात दिले होते. शंभर वर्षांनंतर ते आपल्या हातातून परत काढून घेतले जात आहे आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आक्षेप आणि उत्तर

काही मित्र म्हणतात, आपली माणसे शिकलेली नाहीत, ती काय हिशेब तपासणार? हा युक्तिवाद जुना आहे. गोरे साहेब हिंदी माणसाबद्दल हेच म्हणत होते. त्या आजीला लेखाशीर्ष कळत नव्हते, पण गटार नाही हे तिला कळत होते. लेखापरीक्षकाला जे दोन वर्षांनी कळले असते, किंवा कळलेच नसते, ते तिने एका वाक्यात पकडले. आकडा कार्यालयात बसून तपासता येतो. गटार मात्र वस्तीत जाऊनच तपासावी लागते, आणि वस्तीत ती राहते.

दुसरे काही म्हणतात, सरपंच आपलीच बाई आहे, तिला अडचणीत कशाला आणायचे? आमचे म्हणणे उलटे आहे. ज्या कामाची तिला माहिती नाही त्याखाली तिची सही आहे. उद्या चौकशी लागली तर खणात डोंगल ठेवणारा नव्हे, ती पुढे उभी राहील. तिला प्रश्न विचारणे म्हणजे तिला वाचवणे आहे.

मग करायचे काय? कायद्यातच वाट आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब, प्रशासन अहवाल आणि शेवटच्या लेखापरीक्षणाचे टिपण ठेवावे लागते. ग्रामसभेच्या आधी विहारात बसा. पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव, वर्ष निवडून खर्चाची यादी काढा, प्रत्येक काम पायाने जाऊन बघा आणि वहीत लिहा : आहे, अर्धवट आहे, नाही. नमुना २८ ची प्रत माहिती अधिकारात मागा. ग्रामसभेत प्रश्न तोंडी विचारून सोडू नका, प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. आणि सरकारकडे आपली मागणी एकच असावी : जसा वित्त आयोगाचा हिशेब ऑनलाइन टाकल्याशिवाय पैसा येत नाही, तसा १५ टक्क्यांचा हिशेब वस्तीच्या नावासह ऑनलाइन टाकणेही सक्तीचे करा, आणि तो वस्तीतल्या फलकावर लावा. दिल्लीला हिशेब देता, तसा आम्हालाही द्या.

त्या गावाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. गटार अजून झालेली नाही. पण ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रश्न विचारला गेला, प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला आणि त्याखाली वस्तीतल्या अकरा बायकांच्या सह्या आहेत. सरपंचांनी भर सभेत आपले डोंगल मागून घेतले. आता एखादे देयक आले की त्या आधी विहारातल्या पोराला बोलावतात, काम कुठले ते वाचून घेतात, वेळ असला तर जाऊन बघून येतात आणि मगच सही करतात. कार्यालयातले लोक म्हणतात, बाईमुळे कामाला उशीर होतो.

होऊ द्या उशीर. आपण शेकडो वर्षे थांबलो आहोत.

जयभीम.